रविवार नव्हे, गुरुवार

निगडी प्राधिकरण,
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय सुखदा,

अनेक आशीर्वाद. काल चिंचवडच्या नाट्यगृहात, तुमच्या 'ताटवाटी'च्या दशकपूर्तीच्या समारंभात, तू जे भाषण केलेस ते अतिशय उत्तम होते, आणि ते बऱ्याच अंशी चुकीचे होते. तू म्हणालीस, "आमच्या घरी दर रविवारी बाबा सगळ्यांना ताटावर बसवायचे आणि पहिला घास घेण्याआधी प्रत्येकाला आठवड्यातली एक चूक सांगायला लावायचे. कारखान्याच्या तपासणी विभागातली शिस्त त्यांनी घरी आणली, आणि तीच मी माझ्या जाहिरात संस्थेत आणली. आमचे दोनच नियम आहेत." टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या, कारण शेजारी बसलेली तुझी आई माझ्यापेक्षा जोरात वाजवत होती आणि तिच्या देखत मी हाताची घडी घालून बसणे बरे दिसले नसते. परंतु तो वार रविवार नव्हता. ती पद्धत माझी नव्हती. आणि नियम दोन नव्हते, तीन होते. एवढ्या मोठ्या सभागृहात, ध्वनिक्षेपकावरून, सलग तीन चुका! शाळेत असताना तुझ्या निबंधात एवढ्या निघत नसत.

हे सारे दूरध्वनीवर सांगता आले असते, असे तू म्हणशील. आले नसते. दूरध्वनीवर मी दुसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच तू "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे" असे सांगून माझे क्रियापद माझ्याच तोंडात ठेवतेस. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी तुझ्या भावाच्या हाती मोशीला तुझ्या घरी पाठवीत आहे. बुधवारी तू जे सांगितलेस ते मी विसरलेलो नाही: मोनिकाला कामावर ठेवायचे की निरोप द्यायचा, हे तू येत्या गुरुवारी महाळुंगे येथील नव्या कार्यालयाचे उद्घाटन होण्यापूर्वी ठरवणार आहेस. त्या बाबतीत मी सल्ला देणार नाही. का देणार नाही, तेही पुढे येईल. आधी मला माझा आनंद लिहून काढू दे. कालपासून तो मला स्वस्थ बसू देत नाही.

सुखदा, ते नवे कार्यालय! मंगळवारी तुझ्या भावाने आम्हा दोघांना गाडीने नेऊन दाखवले. चाकणच्या त्या रस्त्यावर मालमोटारींच्या रांगेत आमचा सारा सकाळचा वेळ गेला. तुझ्या आईने तेवढ्यात शेजारच्या टेम्पोचालकाकडून त्याच्या बीडमधल्या गावाची, बहिणीच्या लग्नाची आणि ज्वारीच्या भावाची संपूर्ण माहिती मिळवली. परंतु मी आत पाऊल टाकले आणि माझा शीण पळाला. दोन्ही बाजूंना कारखान्यांची पत्र्याची छपरे, मधोमध तुमचा लख्ख उजेडाचा मजला, भिंतीला अजून ओल्या रंगाचा वास, आणि त्या मजल्याच्या मध्यभागी ते लांबलचक जेवणाचे टेबल. चिखलीच्या सुताराने मला मुद्दाम सांगितले, "काका, ताईंनी बजावलं होतं, टेबलाच्या टोकाला खुर्ची येता कामा नये. म्हणून टोकं अशी गोल केलीत." मी त्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. खाच नाही, फुगवटा नाही. तपासणीसाची बोटे अजून शाबूत आहेत, आणि त्या बोटांनी ते टेबल मान्य केले. स्वच्छतागृहाच्या दारावरील पाटीत मात्र 'स्त्रिया'मधील त्र चुकला आहे, तो उद्घाटनापूर्वी सुधारून घ्यावा.

तुला चिखलीची ती पहिली खोली आठवते का? खाली लेथ, वर तुम्ही. तू आणि स्वरूपा, दोघी मिळून एक संगणक, आणि खालचे यंत्र सुरू झाले की टेबलावरचा चहा आपोआप हलत असे. तू जाहिरात संस्थेचे नाव 'ताटवाटी' ठेवलेस तेव्हा सर्वांत मोठा विरोध माझा होता, हे मी अभिमानाने नमूद करतो. खानावळीचे नाव जाहिरात संस्थेला कोण देते? आणि माझे म्हणणे पहिल्याच महिन्यात खरे ठरले. पाटी वाचून कामगार जिना चढून येत आणि विचारीत, "ताई, महिन्याचा डबा कसा लावलाय? रविवारी मटण असतंय का?" स्वरूपा वैतागून पाटी उतरवायला निघाली होती. तू मात्र त्यांतल्या चौघांना बसवून घेतलेस, तुझ्या आईने दिलेल्या डब्यातली भाजी त्यांच्यापुढे ठेवलीस, आणि ते कोणत्या कारखान्यात काय बनवतात ते विचारून घेतलेस. तुझे पहिले गिऱ्हाईक त्या चौघांतल्या एकाच्या मालकाच्या रूपाने आले. नावाला विरोध करणारा मी आजही विरोधातच आहे, परंतु आता तो विरोध मी हसत करतो.

ते पहिले गिऱ्हाईक म्हणजे भैरूशेठ, चिखलीतले स्प्रिंगा बनवणारे. तू कालच्या भाषणात त्यांची गोष्ट घाईने सांगितलीस. ती घाईने सांगण्यासारखी नाही. ते तुमच्याकडे साधे माहितीपत्रक छापून घ्यायला आले होते, गुरुवार होता, आणि तुम्ही जेवायला बसला होता. त्यांनाही ताट मांडले. पद्धत कळल्यावर भैरूशेठ मोकळेपणाने म्हणाले, की मागच्या आठवड्यात तार चुकीची आली, ती त्यांनी न तपासता यंत्राला लावली, आणि तयार झालेला सगळा माल त्यांना भंगारात टाकावा लागला. बायको दोन दिवस बोलत नव्हती. तू आमटीचा वाडगा तसाच धरून त्यांना विचारलेस, "तो ढीग अजून आहे का?" ढीग होता. स्वरूपाने दुसऱ्या दिवशी त्या ढिगाचे छायाचित्र काढले, आणि त्याखाली तुम्ही एकच ओळ छापलीत: 'हे आम्ही विकले नाही.' भैरूशेठ घाबरले होते. "ताई, आमी फेकून दिल्यालं लोकास्नी कशाला दावायचं? समदी हसत्याल की!" कोणी हसले नाही. चाकणपासून भोसरीपर्यंत खरेदी विभागातल्या माणसांनी ते भित्तिपत्रक आपल्या खोल्यांत लावले, आणि भैरूशेठांचा दूरध्वनी वाजू लागला तो आजतागायत थांबलेला नाही.

ते भित्तिपत्रक तू मला पहिल्यांदा दाखवलेस तेव्हा मी फक्त एवढेच म्हणालो होतो, की वाक्याच्या शेवटी पूर्णविराम हवा. माझ्या मनात त्या वेळी काय चालले होते ते तुला कळावे म्हणून आज लिहितो. ज्याने सारे आयुष्य नापास मालावर लाल चिठ्ठ्या लावल्या, त्याला जन्मात प्रथमच कोणी सांगितले होते की नापास करणे हीसुद्धा एक प्रतिष्ठेची गोष्ट आहे, आणि ते मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावता येते. मी त्या दिवशी घरी येऊन तुझ्या आईला ते वाक्य चार वेळा वाचून दाखवले. ती म्हणाली, "अहो, कळलं मला. आता जेवायला चला." परंतु तिचाही चेहरा फुलला होता, आणि तो तसा का फुलला ते मला पक्के ठाऊक होते. तुला ठाऊक नव्हते.

त्यानंतर काम वाढतच गेले. चिखलीची खोली सोडून तुम्ही चिंचवडला आलात, दोघींचे पंधरा जण झाले, मग साठाच्या वर गेले. सुरक्षा सप्ताहाची नाटुकली, कामगारांच्या मुलांसाठी चित्रपुस्तके, यंत्रांची माहितीपत्रके, काय काय तुम्ही केलेत! मराठी मजकूर माझ्याकडे तपासायला येऊ लागला आणि निवृत्तीनंतर माझ्या सकाळी पुन्हा भरल्या. तुमची मुले मला घाबरतात हे मला माहीत आहे. मला पाहताच कोणी तरी हळूच "भावा, काका आले, ऱ्हस्व-दीर्घ आवर" असे म्हणते, आणि मी ते ऐकले नाही असे दाखवतो. मला ते फार आवडते. आणि एवढी माणसे होऊनही तू गुरुवारचे जेवण सोडले नाहीस. दुसऱ्या संस्थांत भिंतीवर मूल्ये लिहून ठेवतात. तुमच्याकडे गुरुवारी दुपारी कोणी तरी घसा खाकरते आणि म्हणते, "माझ्याकडून या आठवड्यात असं झालं." काल तू ही पद्धत माझी म्हणून सांगितलीस तेव्हा, खरे सांगतो, मला क्षणभर ती माझी असावी असे वाटले.

ती माझी असणे शक्यच नाही, हे जरा विचार केलास तरी तुला पटेल. माझ्या विभागात चूक सापडली की तिला लाल चिठ्ठी लागे आणि ज्याच्या हातून ती झाली त्याला लेखी जाब विचारला जाई. चूक करणाऱ्याला कोणी सर्वांच्या आधी वाढल्याचे मी माझ्या सबंध नोकरीत पाहिले नाही. आपल्या घरी मात्र पहिला नियम तोच होता: जो आधी सांगेल त्याच्या ताटात आधी आमटी पडेल. दुसरा नियम: ताट रिकामे होईपर्यंत कोणी सल्ला द्यायचा नाही. हे दोन तू काल बरोबर सांगितलेस. तिसरा तू गाळलास. तो असा, की जेवणे झाली, ताटे धुतली गेली, म्हणजे ती चूक संपली; ती पुन्हा कोणी, कधीही, कोणत्याही कारणाने काढायची नाही. तू सातवीत असताना माझे नवे शाईचे पेन मोडलेस. त्या गुरुवारी तू ते सांगितलेस, रडलीस, आमटी प्यायलीस. त्यानंतर आजच्या या ओळीपर्यंत मी त्या पेनाचा उच्चार केलेला नाही. आजही तो केवळ दाखला म्हणून केला आहे.

आता मोनिकाविषयी. मला जेवढे ठाऊक आहे तेवढे क्रमाने मांडतो; कुठे चुकत असेन तर दुरुस्त कर. महाळुंगे येथील ज्या कारखान्याच्या भरवशावर हे नवे कार्यालय उभे राहिले आहे, त्याच्या कुटुंब मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिका तुमच्याकडे होत्या. तेथील व्यवस्थापक भीमराज यांनी तारीख सांगताना 'ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली सुट्टी' असे कळवले. मोनिका जालन्याहून जूनमध्ये आलेली. तिने सुट्टी म्हणजे रविवार धरला आणि पत्रिकांवर 'रविवार, १२ ऑक्टोबर' छापून गेले. त्या कारखान्याला सुट्टी या पट्ट्याच्या रीतीप्रमाणे गुरुवारची. पत्रिका कामगारांच्या घरोघरी पोहोचल्या, आणि मग भीमराज यांनी तुला जे सुनावले ते तू मला त्यांच्याच शब्दांत ऐकवलेस: "ताई, रविवारी लाइन कोण चालवणार? तुमची ताटवाटी?" जिने हे केले ती मुलगी आमच्या कामावर नको, असेही ते म्हणाले. नव्या पत्रिका गेल्या, ९ ऑक्टोबरचा गुरुवार त्यांवर नीट छापला गेला, परंतु तुझा राग गेला नाही. कोणी तपासले, कोणी नाही, हे मी विचारणार नाही.

मात्र एक गोष्ट तू बुधवारी दूरध्वनीवर गाळलीस, आणि ती मला काल स्वरूपाने चहाच्या वेळी सांगितली. भीमराज यांचा दूरध्वनी आला तो सोमवार होता. मोनिकाने आपली चूक त्याआधीच्या गुरुवारी जेवणाच्या वेळी स्वतःच सांगितली होती, कोणालाही पत्ता लागण्यापूर्वी. तू त्या दिवशी बाहेर होतीस. तिला आमटी पहिल्यांदा वाढली गेली, तुमच्या मुलांनी तिला "जालन्याचा रविवार" म्हणून चिडवले, आणि ताटे धुतली गेली. सोमवारी तू ती चूक पुन्हा टेबलावर आणलीस. काल व्यासपीठावर साऱ्या सहकाऱ्यांची नावे एकेक करून पुकारलीस. मी ती यादी मनात जुळवीत होतो. खोड आहे माझी. एक नाव नव्हते. ती मागच्या दाराजवळ, पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडण्याच्या कामावर उभी होती, आणि आपले नाव येणार नाही हे तिला बहुधा आधीच माहीत असावे, कारण ती नावे पुकारली जाताना व्यासपीठाकडे पाहतच नव्हती. तुझ्या आईने मात्र मान मागे वळवून तिच्याकडे पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिली.

आता मी जे लिहिणार आहे ते मी तुझ्या जन्माच्याही आधीपासून सांभाळले आहे, आणि ते सांभाळण्याचे एकमेव कारण तिसरा नियम. आज सकाळी मी तुझ्या आईची परवानगी मागितली. ती भाजी निवडत होती. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "सांगा. पण चूक म्हणूनच सांगा हं, कौतुक करत बसू नका." तेव्हा जशी घडली तशी सांगतो. आमचे लग्न होऊन तीन महिने झाले होते. तुझी आई राजगुरुनगरची, शिक्षकाची मुलगी. तिच्या माहेरी सुट्टी म्हणजे रविवार, त्यात शंका घेण्यासारखे काही नव्हते. चिंचवडला आम्ही दोन खोल्या घेतल्या, आणि मी कंपनीच्या प्रशिक्षणासाठी नाशिकला गेलो. मी परत येण्याच्या दिवशी पाच मेहुणे जेवायला घालायची, म्हणजे पाच जोडपी, असे तिने ठरवले. नळावर, जिन्यात, ज्या बायका भेटल्या त्यांना तिने हौसेने सांगितले, "रविवारी दुपारी जेवायला या हं. जोडीने यायचं." नव्या नवरीला नाही कसे म्हणायचे? सगळ्या हो म्हणाल्या. कारखान्यांना सुट्टी गुरुवारची असते, रविवारी सगळे पुरुष कामावर असतात, हे तिला कोणी सांगितले नाही, आणि तिने विचारले नाही. जोडीने यायचे म्हटल्यावर एकटी बाई तरी कशी येणार?

मी रविवारी भर दुपारी नाशिकच्या गाडीने उतरून घरी आलो. दार सताड उघडे होते. जमिनीवर दहा ताटे, प्रत्येक ताटाभोवती रांगोळी, मध्ये उदबत्ती जळून गेलेली. माणूस एक नाही. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती, नव्या साडीत, मांडीवर पळी. मला पाहून ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, इथे रविवारी कोणी राहतच नाही का?" त्या रात्री आम्ही दोघांनी पुरणपोळ्या खाल्ल्या आणि उरलेल्या शेजारी पोहोचवल्या. आणि पुढच्या गुरुवारी तिने पुन्हा तोच सगळा स्वयंपाक केला, पुन्हा त्याच पाच घरी आमंत्रण दिले. सगळे आले, जोडीने आले, आणि सगळे ओशाळलेले. कोणी कोणाकडे पाहीना. तेव्हा तुझी आई आमटीची पळी हातात घेऊन मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "आधी माझी चूक ऐका, मग आमटी वाढते. मी तुम्हाला रविवारी बोलावलं. मला वाटलं, रविवार सगळ्यांचाच असतो." मग मोटारींच्या वाइंडिंगवर काम करणारे यशवंतराव, लातूरकडचे, मांडीवर थाप मारून म्हणाले, "वहिनी, तुमचं काहीच नाही बघा! म्या परवा साहेबाच्या केबिनातला पंखा दुरुस्त केला, त्यो उलटा फिरायलाय. साहेब म्हणतोय, यशवंता, वारा छताला लागतोय, मला कधी लागायचा?" जी हशाची लाट उठली ती थांबेचना. मग एकेकाने आपापले सांगितले. पहिली आमटी यशवंतरावांना मिळाली. जाण्यापूर्वी त्यांच्या बायकोने ताटे धुऊ लागताना तुझ्या आईला म्हटले, "आता ह्ये पुन्यांदा काढायचं न्हाई बरं का. धुतलं म्हंजी संपलं." तिसरा नियम तिचा. पुढच्या गुरुवारी त्यांनी आम्हाला बोलावले, त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी कोणी. तू जन्मलीस तोवर ही आपल्या घरची रीत होऊन गेली होती, आणि ती कशातून निघाली हे नियमानुसार कोणी बोलत नव्हते. तू मला पंगतीच्या टोकाला बसलेला पाहिलेस आणि ती माझी समजलीस. जिच्या हातात पळी होती तिच्याकडे तू पाहिले नाहीस.

तर सुखदा, हे पत्र मी तुझे भाषण सुधारण्यासाठी लिहिले नाही, जरी ते सुधारल्यावाचून मला झोप लागली नसती. काल कार्यक्रम संपल्यावर चहाच्या गर्दीत भीमराज मला शोधत आले. पहिल्या रांगेत बसून त्यांनी तुझे सारे भाषण ऐकले होते. पोटभर हसत ते मला म्हणाले, "काका, गुरुवारच्या जेवणाचं ताईंनी मला दहादा सांगितलंय, आणि आज माईकवर रविवार! आता मी कोणाला काढा म्हणू, राव?" मी त्यांना म्हणालो, दुरुस्ती होईल. रिक्षातून घरी येताना मी हे तुझ्या आईला सांगितले, आणि तेव्हा प्रथमच आम्हा दोघांच्या ध्यानात आले की तो एकच रविवार आहे: आधी तिचा, मग जालन्याहून आलेल्या मुलीचा, आणि काल तुझा. या पट्ट्यात नव्याने येणाऱ्याकडून तो होतो, आणि जुन्याकडूनही, जेव्हा तो इथला असल्याचे विसरतो. मी सल्ला देत नाही, कारण तुझे ताट अजून रिकामे झालेले नाही. तुझ्या आईची फक्त एक मागणी कळवतो. गुरुवारी, दसऱ्याच्या दिवशी, त्या गोल टोकांच्या टेबलापाशी पळी तिच्या हातात असेल, आणि पहिली चूक ती सांगणार आहे, इतक्या वर्षांनी पुन्हा तीच. दुसरी तू सांगावीस असे तिला वाटते. तिच्या डाव्या हाताला जे ताट मांडायचे ते कोणाचे, हे तिने मला सांगितले आहे, आणि तू काल यादीतून ते नाव गाळलेस म्हणून ते लिहिण्याची मला गरज वाटत नाही. मी नवा सदरा शिवून घेतला आहे. आम्ही दोघे वेळेआधी येऊ.

तुझाच,
बाबा

ता. क. तुझ्या भाषणातील, संकेतस्थळावरील व दूरध्वनीवरील तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त करून घ्याव्यात:

रविवार, ११ फेब्रुवारी १९७९. दहा ताटे, पाहुणे कोणी नाही. (तुझ्या भाषणात ही तारीखच नव्हती.)

गुरुवार, १५ फेब्रुवारी १९७९. पद्धतीचा आरंभ. (तू १९९३ म्हणालीस. १९९३ साली तू पाचवीत होतीस आणि जेवताना पुस्तक वाचीत असस.)

शनिवार, २१ मार्च २०१५, गुढीपाडवा. 'ताटवाटी'ची स्थापना. (संकेतस्थळावर २०१४ आहे. दशकपूर्ती यंदा केलीस, तेव्हा वजाबाकी करून पाहावी.)

दिवाळी, २०१५. 'हे आम्ही विकले नाही.' (२०१८ नव्हे. भैरूशेठांना विचार.)

गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५. पत्रिकेतील चूक कळली. (सोमवार, २२ सप्टेंबर नव्हे. त्या दिवशी ती फक्त तुला कळली.)

गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, दसरा. महाळुंगे येथील कार्यालयाचे उद्घाटन. या तारखेत दुरुस्त करण्यासारखे अद्याप काही घडलेले नाही.